वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी उत्तीर्ण

आमच्या गल्लीत कुणाचं काही चांगलं झालं की दोन गोष्टी होतात. पेढे येतात आणि बॅनर लागतो. आधी चांगलं व्हावं लागतं आणि मग पेढे, अशी साधारण पद्धत आहे. माझ्या आईच्या बाबतीत हे उलटं झालं. त्याचा राग मला अजून आहे, म्हणून सांगतेय.

आईचं नाव शकु. वाकोल्याच्या आमच्या वस्तीत सगळे तिला शकुताई म्हणतात. सांताक्रूझच्या एका नर्सिंग होममध्ये ती मावशी होती, म्हणजे पेशंटचं अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, भांडं द्यायचं, म्हाताऱ्यांना धरून संडासात न्यायचं. मला कळायला लागल्यापासून ती तिथेच. मग मालक बदलले. नव्या मालकांनी कामाची माणसं कॉन्ट्रॅक्टरकडून घ्यायचं ठरवलं आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, दहावी पास असेल तरच. आईची शाळा आठवीत सुटली होती. तिचे आईवडील खडी फोडायला जायचे आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं. पेशंटला भांडं द्यायला दहावी कशाला लागते, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. आईने वाद घातला नाही. दुसरीकडे काम बघितलं, तिसरीकडे बघितलं, सगळीकडे तोच प्रश्न. वर्षभर घरात बसून तिची पार रया गेली. मग एक दिवस जेवताना ती म्हणाली, "मी दहावी करते."

पप्पांचा घास हातातच राहिला. माझे पप्पा, अंबादास, रिक्षा चालवतात. स्वतः सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण शिक्षण म्हटलं की त्यांचा आवाजच बदलतो. मी बी.कॉम. झाले तेव्हा माझ्यापेक्षा जास्त तेच रडले होते. विहारात दर रविवारी शिका, शिका असं ऐकत मोठं झालेलं माणूस, आणि आता बायको स्वतःहून शिकते म्हणतेय. हात धुवायच्या आधी त्यांनी खंडूभाऊंना फोन लावला. खंडूभाऊ म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. आई म्हणाली, अहो, आधी नाव तर घालू द्या. पण तोवर पलीकडून अभिनंदन सुरू झालं होतं.

रात्रशाळा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे, रस्ता ओलांडला की फाटक. दिवसा तिथे लहान मुलांची शाळा भरते. बाक लहान, आईचे गुडघे खाली मावायचे नाहीत, ती तिरकी बसायची. वर्गातली पोरं दिवसभर डिलिव्हरी करून यायची आणि तिला मावशी म्हणायची. नळाला पाणी संध्याकाळी, शाळा संध्याकाळी. पाणी भरून, भाकऱ्या थापून, केसांवरून हात फिरवून ती धावत सुटायची. हे सगळं ती निभावून नेत होती. तिचं अडलं ते गणितात. मी रात्री शिकवायला बसले की क्ष बघून ती वैतागायची. म्हणायची, "जे माहीतच नाही त्याला नाव कशाला ठेवायचं?" मी चिडायचे. ती गप्प बसून पुन्हा पहिल्यापासून लिहायला घ्यायची. माझ्यापेक्षा तिच्यात दम जास्त आहे हे मला तेव्हा कळलं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. पप्पांनी रोज तिला रिक्षाने सेंटरवर सोडलं आणि पेपर सुटेपर्यंत एकही भाडं न घेता बाहेर थांबले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हाला ते वाईट माणूस वाटतील. ते तसे नाहीत.

चौदा एप्रिलची जयंती आली आणि मंडळाने स्टेजवर आईचा सत्कार ठेवला. मी खंडूभाऊंना म्हटलं, निकाल तरी लागू द्या. ते म्हणाले, या वयात परीक्षेला बसणं हीच मोठी गोष्ट आहे. ते खरंच होतं, म्हणून मी गप्प बसले. पांढऱ्या साडीत, खांद्यावर शाल, हातात वही-पेन घेऊन आई उभी राहिली आणि टाळ्या थांबेनात. पोरीबाळींनी तिच्याबरोबर फोटो काढले. त्यातलाच एक फोटो खंडूभाऊंनी जपून ठेवला.

मे महिन्यात निकाल लागला. मी बीकेसीत ऑफिसात होते. निकालाच्या साइटवर सीट नंबर टाकावा लागतो आणि खाली उमेदवाराच्या आईचं नाव. मी गयाबाई असं टाइप केलं. माझ्या त्या आजीला सही येत नव्हती, अंगठाच लावायची. तिच्या नावाने पान उघडलं. मराठीत चांगले मार्क होते, हिंदीत बरे, इंग्रजीत काठावर. गणितात गेली होती.

आईला लगेच फोन केला. एकेका विषयाचे मार्क वाचून दाखवले.

"आजीचं नाव नीट टाकलंस ना?" तिने विचारलं.

"टाकलं गं."

"बरं. जेवलीस का?"

मी तिला सांगितलं की जूनच्या शेवटी पुरवणी परीक्षा असते, एकच विषय द्यायचा, तेवढा काढला की पास. ती हो म्हणाली. रडलीही असेल, पण फोन ठेवल्यावर.

आता पप्पा. पप्पांनी निकाल बायकोला विचारला नाही, मुलीला विचारला नाही. मंडळाला विचारला. रिक्षा स्टँडवर असताना त्यांनी खंडूभाऊंना फोन केला, निकाल लागला म्हणतात, आमचं काय? खंडूभाऊंनी निकाल पाहिलेलाच नव्हता. पण आमच्या मंडळाचा रिवाज असा की निकालाच्या दिवशी प्रिंटरकडे गर्दी होते म्हणून बॅनर आदल्या दिवशीच करून घ्यायचा. आईचा बॅनर तयार होता. खंडूभाऊ म्हणाले, "अरे अंबादास, तुझा बॅनर लावायला पोरं निघाली पण." पप्पांना याहून मोठा पुरावा लागला नाही. त्यांनी मिठाईचं दुकान गाठलं.

संध्याकाळी मी गल्लीत शिरले तर विजेच्या दोन खांबांमध्ये माझी आई. पांढरी साडी, शाल. वर लिहिलं होतं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी दहावी उत्तीर्ण. बाजूला खंडूभाऊंचा फोटो, आईच्या फोटोपेक्षा अर्थातच मोठा. घराशी पोचले तर दारात बायकांचा घोळका. शेजारच्या जयंतीकाकू आईला मिठी मारून रडत होत्या. एक म्हातारी आईच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडत होती. आणि पप्पा रिकामा खोका काखेत धरून उभे, चेहऱ्यावर आनंद मावेना. मी आईकडे पाहिलं. तिने नजरेनेच मला दटावलं.

बायका गेल्यावर दार लावून आईने त्यांना सांगितलं. पप्पा खाली बसले. बराच वेळ खोक्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिले.

मी म्हटलं, मी आत्ता जाते आणि खंडूभाऊंना बॅनर उतरवायला सांगते. पप्पा म्हणाले, अख्ख्या वस्तीला पेढे दिले, स्टँडवर दिले, आता नापासाचे पेढे वाटले म्हणून लोक मरेपर्यंत हसतील. जुलैमध्ये होईलच ना ती पास, तोवर गप्प राहू. दीड-दोन महिन्यांचा तर प्रश्न.

"आई, तू बोल ना काहीतरी," मी म्हटलं.

"काय बोलू? त्यांना चारचौघांत खोटं पाडू?" आई म्हणाली. "राहू दे."

बाईने समजूतदारपणा दाखवला की घरातल्या सगळ्यांना किती बरं वाटतं. पप्पांनाही वाटलं. मला तो समजूतदारपणा उचलून बाहेर फेकावासा वाटत होता, कारण एक साधी गोष्ट त्या दोघांच्या लक्षात आली नव्हती. रात्रशाळेत गणिताच्या बाई नापासांसाठी जादा वर्ग घेणार होत्या, फुकट, रोज. आणि रात्रशाळेचं फाटक बरोब्बर त्या बॅनरसमोर होतं. पास झालेली बाई दप्तर घेऊन पुन्हा शाळेत कशी जाणार?

पहिल्या दिवशी आई निघालीही. फाटकाजवळ जयंतीकाकू भाजी घेत होत्या. त्यांनी विचारलं, अगं शकु, आता कशाला शाळेत? आई म्हणाली, दाखला आणायचाय. आणि आत न जाता परत आली. पुरवणीचा फॉर्म मी शाळेत जाऊन भरला. पण वर्गाला ती पुन्हा गेली नाही. घरात बसून अभ्यास म्हणावा तर आमचं दार दिवसभर उघडं आणि दारात सतत कुणी ना कुणी. आमच्याकडे दिवसा दार लावलं की लोक विचारतात, घरात कुणी आजारी आहे का?

शेवटी मालनमावशी उपयोगी पडली. मालन आईबरोबर नर्सिंग होमला होती, कोकणातली, दिंडोशीला राहते. त्याच कॉन्ट्रॅक्टरने तिचीही नोकरी घालवली होती. आईने तिला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग पप्पांना, मंडळाला आणि कॉन्ट्रॅक्टरला ओळीने शिव्या घातल्या.

"माझ्या घराक ये गो," ती म्हणाली. "हय तुका कोण विचारूक येवचा नाय. माझी पन्नाशी उलाटली, माका काय्येक जमाचा नाय. तू तरी काढ."

वस्तीत आईने सांगितलं की मालन आजारी आहे, तिचं बघायला जाते. खोट्याला टेकू द्यायला दुसरं खोटं लागतं आणि तेही आईच्याच वाट्याला. जेवणं उरकून ती हायवेवरून बस पकडायची, दिंडोशीला मालनमावशीच्या ओट्याशी बसून गणितं सोडवायची आणि पाणी यायच्या आत परत यायची. शिकवायला कुणीच नाही. अडलेल्या गणिताचा फोटो ती मला ऑफिसात पाठवायची आणि मी जेवणाच्या सुट्टीत उत्तर लिहून धाडायचे. रस्ता ओलांडला की जो वर्ग फुकट मिळत होता, त्याऐवजी हे.

आणि मग खंडूभाऊ नोकरी घेऊन आले.

जूनच्या सुरुवातीची गोष्ट. रविवार होता, सगळे घरी होतो. खंडूभाऊ आले, चहा घेतला आणि म्हणाले, वांद्र्याला एक नवीन हॉस्पिटल होतंय, तिथला एकजण ओळखीचा आहे. वॉर्डात बाया घेतायत, पगार बरा, पीएफ आहे. शकुवहिनींचं नाव मी टाकलंय, अनुभवही आहे, उद्या सकाळी मार्कशीट घेऊन जा, काम झालंच म्हणून समजा. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. माणूस मनापासून धावपळ करून आला होता, आणि त्यानेच मला जास्त राग आला.

मी पप्पांकडे बघत राहिले. म्हटलं, आता तरी बोलतील. एवढंच म्हणायचं होतं की भाऊ, एक विषय राहिलाय, जुलैत होईल, तोवर जागा धरता येते का बघा. कदाचित धरलीही असती. पप्पांनी कप उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

"मला नाही जमणार, भाऊ," आई म्हणाली.

"का? काय झालं?"

"पाय दुखतात. उभं राहवत नाही."

खंडूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग पप्पांकडे. "वहिनी, याच कामासाठी शिकलात ना तुम्ही? आम्ही बॅनर लावला तुमचा."

आई खाली बघून कप गोळा करायला लागली. खंडूभाऊ चपला घालताना म्हणाले की ठीक आहे, जयंतीची दिशा बारावी झाली आहे, तिला पाठवतो. आणि ती जागा दिशाला मिळाली. दिशावर माझा राग नाही, तिच्याही घरी चूल पेटायची होती. पण दोन दिवसांत वस्तीत बोलणं सुरू झालं. दहावी काय झाली, शकुच्या डोक्यात हवा गेली. आता तिला ऑफिसात खुर्ची पाहिजे असेल. ज्या जयंतीकाकू गळ्यात पडून रडल्या होत्या, त्याच हसत हसत म्हणाल्या, आमच्या पोरीला बाई भांडी द्यायला लाज नाही वाटत. पंधरा वर्षांहून जास्त तेच काम केलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. आईने ऐकून घेतलं. त्या रात्री मात्र तिने पप्पांना जेवायला वाढलं आणि स्वतः जेवली नाही. पप्पांनीही ताट तसंच सरकवलं. त्यांच्यात भांडण झालं नाही. झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

जूनच्या शेवटी तिने गणिताचा पेपर दिला. या वेळी पप्पा सोडायला जातो म्हणाले, पण रिक्षा गल्लीतून निघताना लोक विचारतील म्हणून ती एकटी बसने गेली. पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाली, लिहिलाय सगळा.

जुलै संपता संपता निकाल लागला. मी मुद्दाम रजा घेतली होती. आम्ही तिघं मोबाइलभोवती बसलो. आईने फोन स्वतःच्या हातात घेतला. सीट नंबर टाकला आणि खाली एका बोटाने, सावकाश, गयाबाई लिहिलं. पान उघडायला वेळ लागला. पास झाली होती. काठावर नाही, चांगली पास.

मी ओरडणार होते, तर पप्पांनी दाराकडे पाहिलं. दार नेहमीप्रमाणे उघडं होतं. मी तोंडावर हात धरला. तिघंही तसेच बसून राहिलो, चोरी केल्यासारखे. माझ्या आईने त्रेचाळिसाव्या वर्षी दहावी काढली होती आणि तिच्या घरात कुणाला हसायचीही सोय नव्हती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पप्पा उठून बाहेर गेले. अर्ध्या तासाने पेढ्यांचा खोका घेऊन आले. तो हातात धरून उंबऱ्यात उभे राहिले, पण कुणाला द्यायचा हे त्यांना कळेना.

आईने खोका त्यांच्या हातातून घेतला. सुतळी सोडली. एक पेढा मला दिला, एक त्यांना. मग पदर खोचून ती बाहेर पडली आणि सरळ जयंतीकाकूंच्या दारात गेली. मी मागोमाग गेले.

"कसले गं पेढे?" काकूंनी विचारलं.

"दहावी पास झाले."

"ती तर तेव्हाच झालीस ना?"

"तेव्हा गणितात नापास झाले होते," आई म्हणाली. "आता पास झाले. घे."

काकूंनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही. आई पुढच्या दारात गेली. तिथेही तेच बोलली, तेवढ्याच आवाजात. गल्लीच्या टोकापर्यंत एकही दार तिने सोडलं नाही. कुणी घेतला, कुणी नको म्हणालं. त्या म्हातारीने तेवढा तिथल्या तिथे खाल्ला आणि आणखी एक मागितला.

संध्याकाळी खंडूभाऊ आले. आत आले नाहीत. मंडळाला तोंडघशी पाडलंत म्हणाले. मी काही बोलणार तेवढ्यात पप्पा पुढे झाले आणि म्हणाले, "चूक माझी आहे, भाऊ. तिने मला त्याच रात्री सांगितलं होतं. मी बोललो नाही." हे त्यांनी दारात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. दोन महिने उशिरा सांगितलं, पण सांगितलं. खंडूभाऊंचं समाधान झालं नाही. त्यांनी पोरांना हाक मारली आणि बॅनर उतरवायला लावला. दोन महिने तो खोटा होता तेव्हा दिमाखात लटकत होता. खरा झाला त्याच दिवशी उतरवला. पोरांनी तो गुंडाळून कचऱ्याच्या डब्याशी टाकला.

आई गेली आणि घेऊन आली. म्हणाली, चांगला जाड आहे, दारापुढे भांडी घासायच्या जागेवर छप्पर नाही, पावसाचं भिजायला होतं, तिथे बांधू. पप्पा स्टूलवर चढले. खंडूभाऊंचा फोटो त्यांनी कुणी न सांगता आत दुमडला. मग छापलेली बाजू आभाळाकडे करून बांधायला लागले, तेवढीच लोकांची नजर नको म्हणून.

"उलटा करा," आई म्हणाली. "छापलेलं खाली."

"कशाला?"

"वरून कोण वाचणार आहे?"

पप्पांनी गाठी सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. नोकरी तिला अजून लागलेली नाही. आता मार्कशीट आहे, तर दोन ठिकाणी वय जास्त म्हणाले. मालनमावशी खरोखरच आजारी आहे आणि आई अधूनमधून तिच्याकडे जाते. बायका बोलतात, पण पूर्वीसारख्या नाहीत. रोज सकाळी आई त्या छपराखाली भांडी घासायला बसते. मधेच हात थांबतो, मान वर करते आणि स्वतःच्या फोटोवरची ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. मग पुढचं भांडं घेते.